नाममुद्रेतील गती : कापसाच्या जिल्ह्यातून एक अभ्यास

पांढऱ्या सोन्याचा जिल्हा अशी यवतमाळची ओळख आहे. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात खरिपाचा फार मोठा भाग कापसाखाली असतो, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटू लागली की राळेगाव, केळापूर, वणी, दारव्हा या भागांतील काळी शिवारे पांढरी दिसू लागतात. परंतु हाच कापूस जिनिंगमध्ये सरकीपासून वेगळा झाला आणि त्याची रुई गाठींत बांधली गेली, की त्याचे गाव, त्याचे शिवार आणि तो पिकविणाऱ्याचे नाव मागे राहते. गाठीला वजन असते, प्रत असते. नाव मात्र सहसा नसते.

याउलट शेतकऱ्याच्या घरी बाहेरून जी वस्तू येते ती नाव, रंग आणि चिन्ह घेऊनच येते. बियाण्याचे पाकीट, खताची गोणी, कीटकनाशकाची बाटली यांपैकी काहीही निनावी नसते. अलीकडे तर ही चिन्हे स्थिरही राहिलेली नाहीत. दूरचित्रवाणीवर आणि त्याहूनही अधिक मोबाइलच्या पडद्यावर ती फिरतात, उमलतात, एकमेकांत मिसळतात. अक्षरांना व चिन्हांना गती देण्याच्या या कलेला व्यवसायात मोशन ग्राफिक्स म्हणतात. चित्रांमागून चित्रे दाखवून निर्जीव आकृतीला सजीव करणारे ॲनिमेशन, म्हणजेच सजीवचित्रण, हा तिचा पाया होय.

ही कला मोठ्या कंपन्यांची, तिचा कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे. आपला माल स्वतःच्या नावाने विकू इच्छिणाऱ्या शेतकरी गटांना तिचा उपयोग होऊ शकतो. आणि जे चिन्ह न कळल्यामुळे माणसाच्या जिवाला धोका पोहोचतो, ते समजावून देण्याचे सामर्थ्यही याच कलेत आहे.

चिन्हाची भाषा

नाममुद्रा म्हणजे केवळ नाव नव्हे. एखाद्या वस्तूविषयी ग्राहकाच्या मनात जो विश्वास साठतो, त्याला दिलेले दृश्य रूप म्हणजे नाममुद्रा. बोधचिन्ह, अक्षरांचे वळण, ठरावीक रंग आणि ठरावीक सूर ही तिची अंगे होत.

अक्षरओळख नसलेल्या समाजात चिन्हाचे महत्त्व अधिक असते, याचा अनुभव आपल्या देशाने घेतला आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदार निरक्षर होते. त्यांनी मत दिले ते चिन्ह पाहून. पुढे कुटुंबनियोजनाच्या मोहिमेतील लाल त्रिकोण खेडोपाडी भिंतींवर रंगविला गेला आणि एक अक्षरही न वाचता लोकांनी तो ओळखला. ही चिन्हे साधी होती, दुरून दिसणारी होती आणि वर्षानुवर्षे बदलली नाहीत. चिन्हाला गती देण्याचा विचार करण्यापूर्वी ते स्थिर अवस्थेत असे भक्कम असावे लागते, ही या शास्त्रातील पहिली अट आहे.

वऱ्हाडच्या कापसाला एकेकाळी व्यापारी नाव लाभले होते. एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारांत वऱ्हाडचा कापूस ‘उमरा’ या नावाने ओळखला जाई. उमरावती, म्हणजे अमरावती, या बाजारपेठेच्या नावाचा तो अपभ्रंश होता. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणी जिल्हा म्हणून ओळखला जात असे. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ साली मिळाले. या भागातील कापूसही वऱ्हाडी माल म्हणून त्याच बाजारात जाई. पण ते नाव व्यापाऱ्यांनी प्रत ओळखण्यासाठी ठेवले होते. पिकविणाऱ्याच्या हाती त्यातले काही नव्हते. उलट, विलायती गिरण्यांचे कापड हिंदुस्थानात येई तेव्हा त्याच्या ताग्यावर देवदेवतांची, हत्ती-वाघांची रंगीत छापील तिकिटे लावलेली असत. कापूस निनावी गेला आणि कापड चित्र लेवून परत आले. नाममुद्रेचे मोल कोणाच्या पदरात पडते, हे समजण्यास एवढा इतिहास पुरेसा आहे.

स्थिर चित्राला गती

छापील चित्राकडून हलत्या चित्राकडे जाणारी वाट महाराष्ट्रातच एका माणसाने पायांखाली घातली. दादासाहेब फाळके हे चित्रपटाचे जनक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत; ते आधी मुद्रक होते, ही गोष्ट तितकीशी लक्षात राहिलेली नाही. राजा रविवर्मा यांच्या शिळाप्रेसशी त्यांचा संबंध होता आणि पुढे त्यांनी स्वतःचा छापखानाही चालविला. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला. त्यापूर्वी त्यांनी एक छोटा प्रयोग केला होता. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या अंकुराची वाढ त्यांनी थोडी थोडी करून फितीवर टिपली. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर अल्पावधीत पाहावयास मिळाली. पुढे १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्या जरा जरा सरकवून, दर खेपेस एक चित्र घेऊन त्यांना सजीव केले. वाटाण्याच्या कोंबात निसर्गाची गती दाट करून दाखविली होती. आगकाड्यांत निर्जीव वस्तूला माणसाने गती दिली होती. आजचे अत्याधुनिक संगणकही या दोनच क्रिया करतात.

फिरत्या नाममुद्रेचे मराठी मातीतील पहिले ठळक उदाहरण म्हणजे प्रभात फिल्म कंपनी. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्यास आलेल्या या संस्थेचे बोधचिन्ह तुतारी फुंकणाऱ्या युवतीचे होते. बोलपटांच्या काळात या चिन्हाला तुतारीचा सूर लाभला. पडदा उजळे, तुतारी निनादे आणि प्रेक्षागृहातील कुजबुज थांबे. संस्थेचे नाव ‘प्रभात’, म्हणजे पहाट. तुतारी ही जागविण्याची खूण. नाव, आकृती, हालचाल आणि सूर या चारही गोष्टी एकच अर्थ सांगत होत्या. याच संस्थेने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपटही काढला होता.

स्वातंत्र्यानंतर केंद्र शासनाच्या फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत १९५६ मध्ये व्यंगचित्रपट विभाग सुरू केला. अमेरिकेतील डिस्ने स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथे भारतीय कलावंतांना प्रशिक्षण दिले. त्याच विभागात घडलेल्या राम मोहन यांच्यासारख्या कलावंतांनी पुढे देशातील सजीवचित्रणाचा पाया घातला. शिक्षण, आरोग्य, बचत अशा विषयांवरील अनुबोधपटांसाठी या तंत्राचा उपयोग होऊ लागला.

याच सुमारास अमेरिकेत सॉल बास या आरेखनकाराने १९५५ मधील ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ या चित्रपटासाठी कागद कापून केलेल्या वेड्यावाकड्या हाताचे एकच चिन्ह योजले. जाहिरातींत तो हात स्थिर होता, चित्रपटाच्या नामावलीत तो पट्ट्यापट्ट्यांनी घडत जाई. एकाच चिन्हाची स्थिर आणि चल अशी दोन रूपे एकाच विचाराने आखण्याची पद्धत येथून रूढ होत गेली.

आपल्याकडे या पद्धतीचे घरोघर पोहोचलेले उदाहरण म्हणजे दूरदर्शनचे बोधचिन्ह. आकाशवाणीपासून दूरदर्शन १ एप्रिल १९७६ रोजी वेगळे झाले. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतील विद्यार्थी देवाशिष भट्टाचार्य यांच्या रेखाटनातून हे चिन्ह साकार झाले. मध्ये एक वर्तुळ आणि त्याभोवती दोन वक्र आकार. पडद्यावर हे आकार फिरत फिरत येत, एकमेकांजवळ सरकत आणि शेवटी डोळ्यासारख्या आकृतीत स्थिर होत. पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्या नावांशी जोडली गेलेली धून त्या वेळी वाजे. आज संगणकावर तासाभरात होणारे हे काम त्या वेळी कॅमेऱ्याखाली एकेक चित्र ठेवून झाले होते. तरीही त्या काळातील प्रेक्षकाच्या स्मरणात ते आजतागायत टिकून आहे, कारण त्यातील हालचाल साधी होती आणि ती नेमक्या ठिकाणी थांबत होती.

गतीचे व्याकरण

चित्रपटात एका सेकंदात २४ आणि आपल्या दूरचित्रवाणीत २५ चित्रे दाखविली जातात. प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा किंचित वेगळे असते, आणि डोळा त्यांना जोडून अखंड हालचाल पाहतो. संगणकावर काम करताना कलावंत सुरुवातीची, शेवटची आणि मधली काही महत्त्वाची चित्रे स्वतः ठरवितो. मधली चित्रे संगणक भरून काढतो. म्हणून यंत्र कितीही वेगवान असले तरी कोठे सुरू करायचे, कोठे थांबायचे आणि किती वेगाने जायचे, हे निर्णय माणसाचेच असतात.

एक उदाहरण घेऊन हे पाहता येईल. समजा, जिल्ह्यातील एखाद्या शेतकरी गटाला आपल्या कापसासाठी हलते बोधचिन्ह हवे आहे. पाच सेकंदांच्या चित्रणाला सव्वाशे चित्रे लागतील. पहिल्या सेकंदात मिटलेले हिरवे बोंड दिसावे. दुसऱ्यात त्याच्या कप्प्यांच्या शिवणी उकलाव्यात. तिसऱ्यात पांढरा कापूस फुलून बाहेर यावा आणि गटाचे नाव उमटावे. उरलेले दोन सेकंद काहीही हलू नये. नवशिके कलावंत हे शेवटचे दोन सेकंदच गाळतात. वास्तविक पाहणाऱ्याच्या मनात चिन्ह ठसते ते हालचाल थांबल्यावर.

हालचालीचा स्वभाव वस्तूच्या स्वभावातून आला पाहिजे. बोंड उकलते, ते भिंगरीसारखे फिरत नाही. कापसाचा पुंजका वाऱ्यावर तरंगत खाली येतो. १७० किलोची गाठ मात्र धपकन बसते. संगणकात सर्व वस्तूंना उसळी मारायला लावणारी तयार सूत्रे असतात आणि ती वापरण्याचा मोह होतो. कापसाची गाठ चेंडूसारखी उडालेली पाहून शहरी ग्राहक कदाचित हसेल, पण आयुष्यभर कापूस वेचलेल्या बाईला ते चित्र आपले वाटणार नाही.

या कामासाठी फार मोठी साधने लागतात असेही नाही. फाळके यांनी वाटाण्याच्या अंकुरावर केलेला प्रयोग आज साध्या मोबाइलवर करता येतो. पऱ्हाटीची फांदी वाऱ्याने हलू नये म्हणून काठीला बांधावी, मोबाइल एका जागी पक्का करावा आणि दिवसाउजेडी बारा तास दर दहा मिनिटांनी एक छायाचित्र घ्यावे. एका दिवसात ७२ आणि तीन दिवसांत २१६ छायाचित्रे होतील. ती सलग दाखविली की बोंड फुटण्याचा साडेआठ सेकंदांचा चित्रपट तयार होतो. त्यावरून रेखाटन केले, तर चिन्हातील हालचाल खरी उतरते.

अक्षर हलते तेव्हा

मराठी नाममुद्रेपुढे आणखी एक अडचण असते. हलत्या अक्षरांची बहुतेक संगणकीय साधने रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडविली गेली आहेत. त्या लिपीत प्रत्येक अक्षर सुटे असते. ते एकेक करून उडवता, फिरवता येते. देवनागरीत शब्दाला शिरोरेषा बांधून ठेवते. अक्षरे सुटी हलविली की शिरोरेषा तुटते, मात्रा आणि वेलांट्या अक्षरापासून निखळतात, जोडाक्षरे विस्कटतात. ऱ्हस्व इकाराची गंमत तर वेगळीच आहे. तो उच्चारला जातो व्यंजनानंतर, पण लिहिला जातो व्यंजनाच्या आधी. अक्षरे डावीकडून एकेक प्रकट होऊ लागली की ‘विदर्भ’ या शब्दात आधी नुसती वेलांटी पडद्यावर येऊन थांबते आणि वाचणारा क्षणभर गोंधळतो.

यावरचा उपाय लिपीच्या स्वभावातच आहे. देवनागरीत बहुतेक लोक आधी अक्षरे लिहितात आणि शेवटी वरून शिरोरेषा ओढतात. हलत्या नावातही हाच क्रम ठेवला, म्हणजे अक्षरांचे गट अखंड ठेवून ते आधी उमटविले आणि शेवटी एका ओघात शिरोरेषा काढली, तर लिहिणाऱ्या हाताची लय पडद्यावर उतरते. देवनागरीची ही शिस्त छपाईच्या आणि संगणकाच्या जगात नेण्यासाठी रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनी मोठे काम केले. जाहिरात क्षेत्रात काम केलेले जोशी पुढे मुंबईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन करीत होते. संगणकावर सर्वत्र दिसणारा ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्याच आरेखनातून आला. हे केंद्र १९६९ मध्ये स्थापन झाले असून तेथे सजीवचित्रणाचे शिक्षणही दिले जाते.

कापसाला नाव

भारतीय कापसाला स्वतःची नाममुद्रा असावी, ही कल्पना ७ ऑक्टोबर २०२० रोजी, जागतिक कापूस दिनी, प्रत्यक्षात आली. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने त्या दिवशी ‘कस्तुरी कॉटन’ ही नाममुद्रा व तिचे बोधचिन्ह जाहीर केले. शुभ्रता, तेज, मऊपणा, शुद्धता अशा गुणांची ग्वाही हे चिन्ह देते. पुढे या योजनेत गाठीचा माग ठेवणाऱ्या संगणकीय व्यवस्थेची आणि क्यूआर संकेतचिन्हाची जोड देण्यात आली. मोबाइल समोर धरला की ती गाठ कोणत्या टप्प्यातून आली हे कळावे, हा तिचा उद्देश आहे.

हलत्या नाममुद्रेच्या दृष्टीने येथे एक मोठी संधी आहे. संकेतचिन्ह टिपल्यावर केवळ आकड्यांचा तक्ता दिसण्याऐवजी त्या कापसाचा प्रवास दाखविणारे काही सेकंदांचे चलच्चित्र दिसू शकते: बोंड, वेचणी, जिनिंग, गाठ, सूत, कापड. प्रवासाच्या प्रत्येक पायरीवर तेच चिन्ह पुन्हा उमटले, तर उमऱ्याच्या काळी मागे राहिलेले गाव ग्राहकासमोर येईल. मात्र पडद्यावर दाखविलेली शुभ्रता गाठीतही असली पाहिजे. वेचणीत पाला-कचरा मिसळला, ओला कापूस भरला किंवा प्रतवारी सांभाळली नाही, तर सुंदर चिन्हाने फसगतीचीच आठवण राहते.

छोट्या गटांनी कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार नोंदणीसाठी चिन्ह रेखाटून दाखविता येणे आवश्यक आहे. त्यामुळे हलत्या चिन्हाच्या मुख्य अवस्था स्थिर चित्रांच्या क्रमाने मांडून ठेवाव्या लागतात. त्यापूर्वी स्थिर चिन्ह आणि नाव यांची नोंदणी करून घेणे श्रेयस्कर.

जे चिन्ह हलले पाहिजे

कापसाच्या नावाइतकाच, किंबहुना त्याहून निकडीचा, विषय दुसऱ्या एका चिन्हाचा आहे. कीटकनाशकाच्या प्रत्येक वेष्टनावर एका कोनावर उभा केलेला चौकोन असतो. कीटकनाशक नियम, १९७१ ने तो बंधनकारक केला आहे. या चौकोनाचे दोन त्रिकोण केलेले असतात. वरच्या त्रिकोणात इशाऱ्याचा शब्द असतो आणि खालचा त्रिकोण रंगाने भरलेला असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी. तेथे कवटी व हाडांचे चित्रही असते. पिवळा म्हणजे त्याखालोखाल तीव्र विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे कमी विषारी. वेष्टनाच्या दर्शनी भागाच्या किमान एक-सोळांश जागा या चौकोनाने व्यापावी असा नियम आहे. उरलेली पंधरा भाग जागा नाममुद्रेला आणि मजकुराला मिळते.

२०१७ च्या पावसाळ्यात, जुलै ते ऑक्टोबर या काळात, यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी पऱ्हाटी उंच आणि दाट वाढली होती. फवारा डोक्याच्या उंचीवर उडत होता. अनेक औषधे एकत्र मिसळून फवारण्याचे प्रमाणही मोठे होते आणि संरक्षक कपडे, मुखपट्टी, हातमोजे यांचा अभाव होता. या दुर्घटनेला अनेक कारणे होती. केवळ वेष्टनावरील चिन्ह न समजणे हे एकमेव कारण नव्हे. तथापि हातात धरलेली वस्तू किती घातक आहे हे सांगणारे चिन्ह त्या प्रत्येक बाटलीवर होते आणि ते बोलू शकले नाही, हेही तितकेच खरे.

ते का बोलू शकले नाही, याचा विचार आरेखनाच्या दृष्टीने केला पाहिजे. रंगांचा अर्थ माणूस आपल्या जगण्यातून लावतो. पिवळा म्हणजे हळद, भंडारा, मंगल कार्य. तो तीव्र विषाचा रंग आहे, हे शिकविल्याशिवाय कळत नाही. निळ्या रंगाला रोजच्या व्यवहारात धोक्याचा असा काहीच अर्थ नाही. हिरवा तर शेताचा, पिकाचा आणि रस्त्यावर ‘पुढे जा’ सांगणाऱ्या दिव्याचा रंग. कमी विषारी याचा अर्थ निर्धोक असा होत नाही, हे हिरवा त्रिकोण पाहून कोणाला उमगावे? त्यात या जिल्ह्यात मराठीबरोबर गोंडी, कोलामी आणि बंजारा बोली बोलल्या जातात. फवारणीचे काम करणाऱ्या मजुराच्या हाती अनेकदा बाटली येतही नाही. येतो तो पंपात भरलेला द्राव.

दुसरीकडे जाहिरातीच्या चित्रणात कीड कोसळते, बोंडे टवटवीत होतात, कंपनीचे चिन्ह झळकत पुढे येते. म्हणजे नाममुद्रा हलते आणि इशारा जागच्या जागी राहतो. माणसाचा डोळा मुळातच जे हलते तिकडे आधी जातो. म्हणूनच काय हलवायचे आणि काय स्थिर ठेवायचे, हा निर्णय केवळ सौंदर्याचा राहत नाही. त्यावर कोणाचे लक्ष कोठे जाणार हे ठरते, आणि प्रसंगी कोणाचा जीव वाचणार हेही.

काय करता येईल

या चौकोनाला गती देणारे दहा-पंधरा सेकंदांचे चित्रण तयार करणे कठीण नाही. वेष्टनावरील लहानसा चौकोन मोठा होत पडदा व्यापतो. खालच्या त्रिकोणात रंग चढत जातो. त्यासमोर फवारणी करणारी मानवी आकृती येते. चारही रंग क्रमाने भरले जातात आणि चारही वेळा ती आकृती मुखपट्टी, हातमोजे व अंगभर कपडे घालूनच पंप उचलते. त्यामुळे हिरव्यातही विष आहे ही गोष्ट शब्दांवाचून समजते. शेवटी वारा कोणीकडून वाहतो ते दाखवून आकृती वाऱ्याकडे पाठ करते. निवेदन मराठीबरोबर गोंडी, कोलामी आणि बंजारा बोलीत असावे. पण आवाज बंद असतानाही अर्थ पोहोचेल अशी चित्रांची रचना हवी, कारण बाजारात, बसस्थानकावर किंवा कृषी केंद्राच्या गल्ल्यापाशी आवाज ऐकू येतोच असे नाही.

या कामात काही पथ्ये पाळावी लागतील. चौकोनाचा आकार व रंग नियमात सांगितलेलेच राहिले पाहिजेत; गतीच्या नावाखाली त्यात फेरफार केला तर पडद्यावर शिकलेले चिन्ह बाटलीवर ओळखता येणार नाही. लक्ष वेधण्यासाठी चिन्ह भराभर चमकवू नये. एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा होणारा लखलखाट काही व्यक्तींना अपस्माराचा झटका आणू शकतो. पडदा मोबाइलएवढा लहान असेल हे धरूनच आकृत्या मोठ्या व मोजक्या ठेवाव्यात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्यांच्यासाठी हे चित्रण आहे त्यांना ते आधी दाखविले पाहिजे. पूर्वी जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रसिद्धीची चित्रपट-वाहने गावोगाव फिरत, तेव्हा पडद्यासमोर बसलेल्या लोकांच्या चेहऱ्यांवरून पुष्कळ काही कळत असे. आजही तोच मार्ग आहे. चित्रण संपल्यावर ‘समजले का?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते. ‘काय दिसले?’ असे विचारावे, आणि मग चार निरनिराळ्या रंगांच्या रिकाम्या चौकोनांचे कागद पुढे ठेवून सर्वांत घातक कोणता ते निवडायला सांगावे. बहुसंख्य लोक चुकले, तर दोष चित्रणाचा मानून ते पुन्हा करावे.

बोंडाचे चिन्ह उमलविणे आणि विषाचे चिन्ह समजावणे ही एकाच कौशल्याची दोन कामे आहेत. जिल्ह्यातील कलाशिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी, महिला बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांना ही साधने आता सहज मिळू शकतात. कृषी विभागाचे कर्मचारी विषय जाणतात, तरुणांना मोबाइलचे तंत्र अवगत आहे आणि गावातील मजुराला प्रत्यक्ष कामाचा अनुभव आहे. हे तिघे एका चित्रणासाठी एकत्र बसले, तर पुढील खरिपाची पहिली फवारणी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे जुलै उजाडण्याच्या आत, ते पंधरा सेकंद गावागावांतील मोबाइलवर पोहोचू शकतील.